सरू हे नाव

लातूरच्या खरीप मेळाव्यात जेवणाच्या वेळेला गर्दी जरा ओसरली. आमच्या स्टॉलवर कामावरच्या एका मुलीला बसवून मी पाय मोकळे करायला मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गेले, आणि तिथे मला बी पेरायची ती हिरवी यंत्रं दिसली. बांबूच्या आडव्या दांडीला टेकवून ओळीनं उभी केलेली. प्रत्येकाच्या बियांच्या डब्यावर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'सरू'.

मी एक उचलून हातात घेतलं. उभी नळी, खाली उघडणारी लोखंडी चोच, वर मुठीशी खटका. सगळं आमच्या यंत्रासारखंच. फक्त आमचं यंत्र लाल आणि हे हिरवं. नळीच्या जोडावरून बोट फिरवलं, तर वेल्डिंग कच्चं लागलं.

स्टॉलवर साधारण माझ्याच वयाचा एक किडकिडीत माणूस होता. तो एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला समजावत होता, की सरू घेतली की बायकांना वाकायचं काम नाही. गिऱ्हाईक गेल्यावर मी त्याला विचारलं, हे कुठं बनतं? तो म्हणाला, हिंगोली जिल्ह्यात, सेनगावला, आमच्याच दुकानात.

"आणि नाव कुणी ठेवलं?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे नवलानं पाहिलं. "सरूला सरूच म्हणतात ताई," तो म्हणाला.

मला तो उर्मटपणा वाटला. मी कोण आहे हे त्याला सांगितलं नाही. त्याचं एक यंत्र विकत घेतलं, त्याचं कार्ड घेतलं आणि परत आले. कार्डावर नाव होतं उत्तम साळुंके.

सरू काय आहे ते इथं सांगायला हवं. मी रेणापूरची, मंदाकिनी पांचाळ. माझे वडील विश्वनाथ पांचाळ लोहारकाम करायचे. मी आयटीआयला वेल्डिंग शिकत होते, वर्गात एकटी मुलगी, तेव्हाच ते गेले. घर चालवायला माझी माय दुसऱ्यांच्या शेतात टोकणीला जायची. टोकणी म्हणजे कमरेत वाकून मातीत बोटानं भोक पाडायचं, त्यात दोन बिया टाकायच्या, माती ढकलायची आणि वीतभर पुढं सरकायचं. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. संध्याकाळी घरी आली की तिला सरळ होता यायचं नाही. दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून ती हळूहळू उभी राहायची, आणि मी मागून तिची पाठ दाबायची.

पहिलं यंत्र मी एका मोडक्या सायकलीच्या नळीतून केलं. मायनं ते शेतात नेलं आणि दुपारीच परत आणलं. चोचीत माती अडकते म्हणाली. मी चोच बदलली. मग म्हणाली, बी एकदम चार-चार पडतं. मी आतली चकती बदलली. असे दोन हंगाम गेले. तिसऱ्या हंगामात ती पाठ ताठ ठेवून, चालत चालत आख्खं तास, म्हणजे शेताची एक पूर्ण ओळ, टोकून आली. बांधावरच्या बाया हातातलं काम सोडून बघत राहिल्या. मग त्यांच्या मालकांनी मागणी केली, मग शेजारच्या गावांनी.

दुकानाची पाटी रंगवायची वेळ आली तेव्हा रंगारी म्हणाला, काय लिहू? चुलत्यांनी सांगितलं, विश्वनाथ इंजिनिअरिंग लिहा. मी म्हणाले, सरू टोकणयंत्र. चुलत्यांनी विचारलं, सरू कोण? सख्ख्या भावजयीचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. माझ्या मायचं नाव सरूबाई. ती त्या दिवशी माझ्यावर फार चिडली. बायामाणसाचं नाव रस्त्यावर टांगतात का, म्हणाली, आणि आठवडाभर दुकानाकडे फिरकली नाही.

तर ही सरू. त्या मेळाव्याच्या वर्षापर्यंत आमची शेड उभी राहिली होती. कामावर नऊ जण होते. त्यातल्या चार बायका, आणि त्या चौघींना वेल्डिंग मी शिकवलेलं. बीड, नांदेड, परभणीपर्यंत माल जात होता. आणि नागपूरचा एक मोठा वितरक दारात आला होता. आख्ख्या विदर्भात सरू विकायची त्याची तयारी होती. अट एकच, नावाची नोंदणी हवी. उद्या दुसरं कुणी ह्याच नावानं बाजारात उतरलं तर मी काय करू, असं तो म्हणाला होता. त्याचं चूक नव्हतं, आणि तो दुसरा कुणी मला आता सापडलाही होता.

लातूरच्या वकील फरहाना काझी आमच्या कामगारांचे कागदपत्र बघायच्या. त्यांच्या टेबलावर मी ते हिरवं यंत्र आडवं ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्याच महिन्यात दोन शेतकरी मोडकी हिरवी यंत्रं घेऊन माझ्याच शेडवर आले होते. तुमची सरू मोडली म्हणून त्यांनी मला चारचौघांत झापलं होतं. मी निमूटपणे जोडून दिली होती. दुसऱ्याच्या कच्च्या जोडासाठी माझ्या मायच्या नावानं बोलून घ्यायचं, हे मला सहन होत नव्हतं.

फरहाना मॅडमनी शांतपणे समजावलं. नावाचा पहिला वापर माझा, माझ्याकडे जुनी बिलं होती, वर्तमानपत्रात आलेली बातमी होती. ट्रेडमार्कसाठी अर्ज करायचा. सोबत साळुंकेला नोटीस द्यायची, की हे नाव वापरणं थांबवा. तो कुठं कुठं विकतो, शेतात त्याची यंत्रं कशी वापरतात, ह्याचे फोटो मिळाले तर बरं.

"आणि हे लवकर करा, मंदाताई," त्या म्हणाल्या. "एखादं नाव सगळेच जण त्या वस्तूला वापरायला लागले, की ते कुणा एकाला मिळत नाही. मग ते नाव उरत नाही, साधा शब्द होऊन जातो."

मी म्हणाले, तेवढं होऊ देणार नाही. चारच दिवसांत अर्ज तयार झाला, नोटीसही झाली. मी म्हटलं, नोटीस पोस्टानं नको, मी स्वतः जाऊन हातात देते. फोटोही काढता येतील. खरं सांगायचं तर मला त्या माणसाचा चेहरा बघायचा होता.

रात्री जेवताना मायला सांगितलं. ती भाकरी मोडत होती. नोटिशीत काय लिहिलंय, तिनं विचारलं. मी म्हणाले, त्यानं सरू नाव वापरायचं नाही असं लिहिलंय. तिनं भाकरी संपवली. ताट उचलून झाल्यावर म्हणाली, "मी बी येते. माझ्या नावावरून भांडण हाय, तर मला बघू दे."

जून संपत आला होता. त्या भागात पाऊस चांगला झाला होता आणि कापूस, तूर टोकायची घाई चालली होती. मी आमचा छोटा हत्ती टेम्पो घेतला, शेजारी माय बसली, आणि आम्ही सकाळीच निघालो. सेनगावात साळुंकेचं दुकान सापडलं, पण बंद होतं. शेजारच्या पानवाल्यानं सांगितलं की तो पुढच्या गावाला गेलाय, कुणाच्या तरी सरूचा खटका बसलाय तो दुरुस्त करायला. गावाच्या अलीकडंच, रस्त्याला लागून शेत आहे म्हणाला.

शेत सापडायला वेळ लागला नाही. काळ्या रानात दहा-बारा बाया एका ओळीत चालत होत्या. खटक्यांचा टक-टक आवाज रस्त्यापर्यंत येत होता. सगळ्या ताठ उभ्या. कुणाच्या हातात लाल यंत्र, कुणाच्या हातात हिरवं, आणि एकीच्या हातात तर पिवळं, जे मी आजवर पाहिलंही नव्हतं. म्हणजे तिसराही कुणी होता. साळुंके मात्र दिसत नव्हता. मोटारसायकलवरून काही सामान आणायला गेला होता, येईलच असं कळलं.

माय टेम्पोतून उतरली आणि बांधावर उभी राहिली. मी पिशवीतून कॅमेरा काढत होते. तेवढ्यात ओळीतली सगळ्यात वयस्कर बाई पाणी प्यायला बांधावर आली. उंच, काटक, कपाळावर गोंदलेलं. तिचं नाव गयाबाई, ती त्या बायांची मुकादम होती. उन्हात का उभ्या, सावलीला बसा, म्हणून तिनं आम्हाला बाभळीखाली बसवलं, पाणी दिलं. कुठून आल्या विचारलं. माय म्हणाली, लांबून आलाव, पाव्हण्याकडं चाललाव.

मग मायनं तिच्या हातातल्या यंत्राकडं बोट दाखवलं. "ह्ये काय हाय?"

मी चमकून तिच्याकडं पाहिलं. ती माझ्याकडं बघतच नव्हती.

"सरू हाय की," गयाबाई म्हणाली. "तुमच्याकडं न्हाई का?"

"सरू म्हंजी?"

गयाबाई खाली बसली. डोक्यावरचा पदर सारखा केला. आणि तिनं जे सांगितलं ते मला आजही तिच्या आवाजात ऐकू येतं.

"लातुराकडं सरू म्हणून एक बाई व्हती. आमच्यावानीच, टोकणीला जाणारी. वाकून वाकून तिची पाठ पार मोडली. एक दिवस तासात खाली बसली ती उठलीच न्हाई. तिथंच गेली बिचारी. तिची एक पोरगी व्हती, तिनं मग ह्ये केलं. मायला भोगावं लागलं ते दुसऱ्या बायांना लागू नये म्हणून. आम्ही टोकणीचा पहिला दिस असला की एक मूठ बी बांधावर टाकताव. सरूच्या नावानं."

हे कुणी कधी सांगितलं, कुणी जोडलं, कसं पसरलं, मला काही कळेना. आमच्या रेणापुरात तर असं कुणी बोलत नव्हतं. ह्या बायांनी माझ्या मायला कधी पाहिलेलं नव्हतं, मलाही पाहिलेलं नव्हतं.

"मेली व्हय ती?" मायनं विचारलं.

"मेली की. लई वर्सं झाली."

मायनं तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे, म्हणून मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तर ती हसत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"न्हाई मेली बाई," ती म्हणाली. "पाठ तेवढी दुखती अजून."

गयाबाईला काही उमगलं नाही. ती एकदा मायकडं आणि एकदा माझ्याकडं बघत राहिली.

"हीच सरूबाई," मी म्हणाले. "माझी माय."

गयाबाई तशीच उठली. रानाकडं तोंड करून तिनं बायांना हाक घातली. बाया यंत्रं खांद्यावर टाकून आल्या आणि आमच्याभोवती उभ्या राहिल्या. गयाबाईनं सांगितलं. मग एक तरणी, नवीन लग्न झालेली पोर पुढं आली आणि मायच्या पाया पडली. तिच्या मागून दुसरी. मग सगळ्याच. माय ओशाळून पाय मागं घ्यायला लागली. पाया काय पडता, मी काय देव हाय का, म्हणाली. पण तिचा चेहरा मी पाहत होते. वडील असतानाही तो असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

मग तिनं त्या तरण्या पोरीच्या हातातलं हिरवं यंत्र मागून घेतलं. पायातल्या चपला काढून बांधावर ठेवल्या आणि तासात उतरली. साठी ओलांडलेली बाई, पण पहिल्याच पावलाला लय धरली. टक, पाऊल. टक, पाऊल. बाया बांधावरून बघत राहिल्या. आमच्या शेडमधून बाहेर जाणारं प्रत्येक नवं यंत्र पहिल्यांदा हीच बाई चालवून बघायची, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या फक्त एवढंच बघत होत्या की सरू टोकते आहे. आख्खं तास पुरं करून ती परत आली आणि मला म्हणाली, "ह्याचा दांडा आपल्यापरीस बरा हाय. जरासा वाकवलाय. मनगटाला लागत न्हाई."

तेवढ्यात मोटारसायकल आली. साळुंके उतरला, मला पाहिलं आणि मेळाव्यातली म्हणून ओळखलं. गयाबाईनं घाईघाईनं सगळं सांगितलं. त्याच्या हातात एक छोटी स्प्रिंग होती, ती तो बोटांत फिरवत राहिला. माझ्या पिशवीत नोटीस होती. मी त्याला म्हणाले की ही माझ्या आईच्या नावानं मी सुरू केलेली चीज आहे, आणि तुमची मोडकी यंत्रं घेऊन लोक माझ्या दारात येतात.

त्यानं वाद घातला नाही. आम्ही घिसाडी, तो म्हणाला. आजा-पणजा गाढवांवर संसार घालून गावोगाव फिरले, झाडाखाली भाता लावून काम केलं. पक्कं दुकान घालणारा घरातला तो पहिलाच. जोड कच्चा राहतो हे त्यालाही कळत होतं, कारण वेल्डिंग तो बघून बघून शिकला होता, कुणी शिकवलं नव्हतं.

"पण नावाचं मला खरंच ठाऊक न्हवतं ताई," तो म्हणाला. "आमच्या लोकांनी खुरपी केली, विळे केले, कुऱ्हाडी केल्या. खुरप्याला खुरपं कुणी म्हटलं ते आम्ही कधी इचारलं न्हाई. मला वाटलं, ह्या अवजाराचं नावच सरू हाय."

मेळाव्यात त्यानं मला हेच सांगितलं होतं, आणि मी त्याला उर्मट ठरवलं होतं.

आज रात्रीच सगळ्या डब्यांवरचं नाव रंगवून टाकतो, असं तो म्हणाला. त्यावर गयाबाईनं विचारलं, मग आम्ही ह्याला म्हणायचं काय? त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी नोटीस पिशवीतून काढली नाही. चार दिवसांत कळवते, एवढंच म्हणाले. बायांनी चहा केल्याशिवाय सोडलं नाही. निघताना गयाबाईनं मायचा हात बराच वेळ सोडला नाही.

परतीच्या रस्त्याला माय खिडकीतून रानं बघत होती. औंढा मागं पडल्यावर तिनं विचारलं, "तो कागद दिला न्हाईस?"

पोस्टानं पाठवीन, मी म्हणाले. त्या बायांसमोर देणं बरं दिसलं नाही, पण द्यावा तर लागेलच. नागपूरची ऑर्डर आहे, नव्या शेडचं काम आहे. आणि ज्याला जोड करता येत नाही तो तुझं नाव खराब करतो आहे.

"जोड येत न्हाई तर शिकव त्याला," ती म्हणाली. मग जरा वेळानं, रस्त्याकडंच बघत, बोलायला लागली.

"मंदे, लगीन झाल्यापास्नं मला नावानं कुणी हाक मारली न्हाई. तुझ्या बापानं न्हाई, सासूनं न्हाई. अगं, अवं. इस्वनाथाची बायकू. मंदाची माय. सरू म्हणणारी माझी आई व्हती, ती गेली. तू पाटीवर लिव्हलंस तवा मला लाजच वाटली. माझं नाव मलाच वळखू येईना. आन् आज बघ. कोणच्या कुठल्या बाया, रोज माझं नाव घ्यायल्यात. माझ्या नावानं बी टाकायल्यात." ती थांबली. "आन् तू त्यास्नी कागद धाडणार? माझ्या मायचं नाव घेऊ नका म्हणून?"

मी टेम्पो रस्त्याच्या कडेला घेतला. पुढचं दिसत नव्हतं.

आजवर मी समजत होते की मायच्या नावाला मी मोठं केलं. पाटी माझी, यंत्र माझं, रंग माझा. त्या बाभळीखाली मात्र मला दिसलं होतं की ते नाव माझ्या हातातून केव्हाच पुढं निघून गेलंय, आणि माझ्या कुठल्याही पाटीपेक्षा मोठं झालंय. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. पण तिथं बसून मी रडले ती वाईट वाटून नाही. एवढा अभिमान मला माझा स्वतःचा कधी वाटला नव्हता. माय पदरानं माझं तोंड पुसत होती आणि म्हणत होती, चल आता, अंधार पडल.

फरहाना मॅडमना जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वकील म्हणून सांगायचं तर तुम्ही चूक करताय, म्हणाल्या. नागपूरचा माणूस थांबणार नाही. मी म्हणाले, ठाऊक आहे. मग त्यांनीच वाट काढली. 'पांचाळ' हे नाव आणि लाल चोचीचं चित्र नोंदवायचं, म्हणजे आमचं यंत्र कोणतं ते गिऱ्हाइकाला ओळखू येईल. आणि अर्जात स्पष्ट लिहायचं, की 'सरू' ह्या शब्दावर आमचा हक्क नाही.

"हक्क द्या म्हणणारी माणसं माझ्याकडं रोज येतात," त्या म्हणाल्या. "हक्क नाही असं लिहा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

नागपूरचा वितरक गेला. जी नवी शेड त्या वर्षी व्हायची होती ती पुढं बरीच वर्षं झाली नाही. पावसाळ्यात आम्ही ताडपत्री बांधून काम केलं. चुलते म्हणाले, हातातलं घालवलंस.

उत्तम साळुंकेला मी फोन करून बोलावलं. तो आला, आमच्याकडं चार-पाच दिवस राहिला, आणि माझ्या शेडमधल्या मुलींनी त्याला जोड शिकवला. जाताना त्याचा तो वाकवलेला दांडा आम्ही वापरू का, असं मी विचारलं. तो म्हणाला, घ्या की, त्यात काय. तेव्हापासून आमच्या लाल सरूचा दांडा त्याच्यासारखाच आहे. त्याची मोडकी यंत्रं माझ्या दारात पुन्हा आली नाहीत.

पुढं काही वर्षांनी फरहाना मॅडमचा फोन आला. शेतीची अवजारं करणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं 'सरू' नाव आपल्याला मिळावं म्हणून अर्ज केला होता. तो अर्ज मंजूर झाला असता, तर उत्तमपासून माझ्यापर्यंत सगळ्यांना कंपनीचीच नोटीस आली असती. मॅडमनी विरोध दाखल केला. उत्तमनं लिहून दिलं, त्या पिवळ्या यंत्रवाल्यानंही दिलं, गयाबाईनं अंगठा दिला. आम्ही तिघं एकमेकांचे स्पर्धक, पण एकाच बाजूनं उभे राहिलो. मायचाही जबाब घेतला. धंदा काय लिहू, असं मॅडमनी विचारल्यावर ती म्हणाली, टोकणी लिव्हा.

निकाल यायला फार दिवस लागले. आला तेव्हा मॅडमनी तो मला फोनवर वाचून दाखवला. कंपनीचा अर्ज नामंजूर झाला होता. सरू हा शब्द ह्या भागातल्या शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातला आहे, त्यामुळे तो कुणा एकाला देता येत नाही, असं त्यात म्हटलं होतं.

माय अंगणात तुरीची डाळ पाखडत होती. मी तिला सांगितलं. तिनं विचारलं, मग आपल्याला मिळालं का?

"आपल्यालाही नाही," मी म्हणाले. "सगळ्यांचं आहे म्हणतात."

तिनं सूप खाली ठेवलं. लुगड्यावरचा भुसा झटकला, पदर डोक्यावर घेतला आणि बाहेर पडली. कुठं निघालीस म्हणून मी दारापर्यंत गेले. माझ्या मायनं आयुष्यात स्वतःबद्दल कुणाला दोन शब्द सांगितले नव्हते. ती गल्लीतल्या पहिल्या दारापाशी थांबली आणि आतल्या बाईला हाक मारून बाहेर बोलावलं.

"आगं, आइक," ती म्हणाली. "सरकारनं लिव्हून दिलंय. सरू म्हणायचं असलं, तर कुणालाबी म्हणता येतं."

मग ती पुढच्या दाराला गेली. मी उंबऱ्यात उभी राहून ऐकत होते. गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत तिनं एकही दार सोडलं नाही.